वन स्पॅडायना क्रेसेंट: पाळकांच्या शाळेची डिझाइन शाळा कशी झाली (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

टोरांटोत स्पॅडायना रस्त्याने उत्तरेकडे निघालात की कॉलेज स्ट्रीट ओलांडल्यावर रस्ता दोन्ही अंगांना फाकतो. मधल्या गोल बेटावर टोकदार कमानींची, उंच मनोऱ्याची पिवळट विटांची इमारत उभी असते. ट्रामही तिला वळसा घालून जाते. आज तिथे टोरांटो विद्यापीठाची आर्किटेक्चर आणि डिझाइनची शाळा आहे. तिथे शिकायला निघालेली मुलं, त्यांना भेटायला गेलेले आईवडील आणि आपल्याकडे जुन्या इमारतींवर काम करणारे मित्र या इमारतीबद्दल फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं एकाच ठिकाणी असावीत म्हणून हे पान.

हे आधी चर्च होतं ना?

नाही. हा गैरसमज मनोऱ्यामुळे होतो. ही प्रेस्बिटेरियन या प्रॉटेस्टंट ख्रिस्ती पंथाची सेमिनरी होती, म्हणजे भावी पाळक घडवणारी शाळा. नाव नॉक्स कॉलेज. वास्तुविशारद स्मिथ आणि गेमेल. इमारत १८७५ साली पूर्ण झाली. आत वर्ग, ग्रंथालय, सभागृह आणि विद्यार्थ्यांचं वसतिगृह होतं.

हा फरक पुढच्या सगळ्या गोष्टीसाठी महत्त्वाचा आहे. चर्च म्हणजे एकच प्रचंड दालन. त्याचं कॉलेज करायचं तर आत मजले घालावे लागतात, भिंती उठवाव्या लागतात, आणि ज्या उंचीसाठी ती वास्तू जपायची तीच उंची हरवते. सेमिनरीत मात्र पहिल्यापासून खोल्या, बोळ, जिने असतात. आतली माणसं बदलली तरी खोल्यांना खोल्याच राहता येतं. या इमारतीने दीडशे वर्षांत इतके भाडेकरू पचवले त्याचं मोठं कारण हेच आहे.

नॉक्स कोण? आणि मुंबईच्या विल्सन कॉलेजशी काही नातं आहे का?

जॉन नॉक्स हे सोळाव्या शतकातले स्कॉटिश धर्मसुधारक. स्कॉटलंडच्या प्रेस्बिटेरियन चर्चची घडी त्यांनी बसवली.

विल्सन कॉलेजशी थेट नातं नाही, पण दोन्ही संस्था एकाच भाऊबंदकीतून गेल्या आहेत. १८४३ साली स्कॉटलंडच्या चर्चमध्ये मोठी फूट पडली. गावातला पाळक कोणी नेमायचा, तिथल्या मंडळीने की जमीनदाराने, हा वादाचा मुद्दा होता. शेकडो पाळक आपली घरं आणि पगार सोडून बाहेर पडले आणि त्यांनी ‘फ्री चर्च’ काढलं. ही फूट जहाजांवर बसून वसाहतींत पोचली. टोरांटोत फ्री चर्चच्या बाजूच्या लोकांनी १८४४ साली स्वतःची सेमिनरी सुरू केली, तीच नॉक्स कॉलेज. मुंबईत मिशनरी जॉन विल्सन १८२९ पासून होते, १८३२ पासून शाळा चालवत होते. तेही सहकाऱ्यांसह फ्री चर्चमध्ये गेले. परिणामी जुन्या संस्थेवर पाणी सोडून त्यांना नव्याने बस्तान बसवावं लागलं.

गिरगाव चौपाटीसमोरची विल्सन कॉलेजची आजची इमारत १८८९ची, जॉन अ‍ॅडम्स यांची. म्हणजे नॉक्सनंतर चौदा वर्षांनी. एक पिवळट विटेत, एक दगडात. एकीसमोर बर्फ, दुसरीसमोर अरबी समुद्र. तरी दोघींचे फोटो शेजारी ठेवले तर एकाच घरातल्या वाटतात. गॉथिक पुनरुज्जीवन, म्हणजे मध्ययुगीन युरोपातली टोकदार कमानींची शैली पुन्हा वापरणं, ही त्या काळच्या स्कॉटिश आणि इंग्रज मंडळींची ‘गंभीर शिक्षण इथे चालतं’ असं सांगायची सर्वमान्य पद्धत होती.

पण रस्त्याच्या मधोमध इमारत बांधायचं कोणाच्या डोक्यात आलं?

रस्ता आणि ते गोल बेट दोन्ही विल्यम वॉरेन बाल्डविन यांच्या आखणीतले. हे गृहस्थ डॉक्टर होते, वकील होते, राजकारणी होते आणि हौसेने वास्तुरचनाही करत. स्पॅडायना रस्ता त्यांनी १३२ फूट रुंद ठेवला. त्या काळच्या चिखलातल्या टोरांटोत ही रुंदी लोकांना वेडेपणाच वाटली असेल. एवढ्या रस्त्याला शेवटी नजर टेकायला काहीतरी हवं, म्हणून वर्तुळ. वर्तुळावर इमारत मात्र पुढे अनेक दशकांनी आली. तिचा मनोरा बरोबर रस्त्याच्या मध्यरेषेवर आहे, त्यामुळे दक्षिणेकडून येताना तो फार लांबून दिसतो.

हीच रुंदी पुढे इमारतीच्या जिवावर उठली होती. मोटारींच्या जमान्यात शहराच्या गाभ्यात स्पॅडायनाच्या दिशेने थेट उतरणारा एक्सप्रेसवे आखला गेला. लोकांनी तो जोरात विरोध करून पाडला. शहरांवर लिहिणाऱ्या जेन जेकब्ज तेव्हा न्यूयॉर्क सोडून टोरांटोत आल्या होत्या आणि या लढ्यात पुढे होत्या. जून १९७१ मध्ये ऑंटारियो प्रांताचे प्रीमियर (म्हणजे मुख्यमंत्री) बिल डेव्हिस यांनी प्रकल्प थांबवला. वाचली ती एक इमारत नाही, अख्ख्या वस्त्या वाचल्या.

सेमिनरी गेल्यावर पुढे काय झालं?

नॉक्स कॉलेज १९१५ साली विद्यापीठाच्या मुख्य आवारातल्या नव्या वास्तूत गेलं आणि आजही तिथेच आहे. रिकाम्या झालेल्या जुन्या इमारतीत पहिल्या महायुद्धातले जखमी सैनिक आले. तिचं स्पॅडायना लष्करी रुग्णालय झालं. १९१७च्या अखेरीला बहिणीला भेटायला टोरांटोत आलेली अमेलिया इअरहार्ट नावाची वीस वर्षांची अमेरिकन मुलगी जखमी सैनिक पाहून इथे परिचारिकेची मदतनीस म्हणून राहिली. पुढे १९३२ साली अटलांटिक एकटीने विमानातून ओलांडणारी पहिली स्त्री ती हीच. टोरांटोतल्या वैमानिकांमुळे तिला विमानांची ओढ लागली असं सांगतात. १९१८च्या इन्फ्लुएंझाच्या साथीचा ताप आणि त्यातून जडलेलं सायनसचं दुखणंही तिला याच शहरात मिळालं.

दुसऱ्या महायुद्धात, १९४३ साली, ही जागा कॉनॉट प्रयोगशाळेने घेतली. ही तेव्हा विद्यापीठाचीच संस्था, इन्शुलिन मोठ्या प्रमाणावर बनवणारी. इथे आधी पेनिसिलिन तयार झालं आणि मग पोलिओच्या लशीचं काम चाललं.

पोलिओची गोष्ट थोडी सविस्तर सांगायला हवी, कारण ती टोरांटोतही पुष्कळांना ठाऊक नसते. अमेरिकन शास्त्रज्ञ सॉल्क यांची लस तयार करायला आधी पोलिओचा विषाणू पिंपांनी वाढवावा लागतो, मग तो मारायचा. पिंपांनी वाढवायचं कसं हेच कोणाला जमत नव्हतं. कॉनॉटमध्ये पेशींना जगवणारं ‘मीडियम १९९’ नावाचं पोषक द्रावण आधीच तयार झालेलं होतं. डॉ. लिओन फॅरेल या शास्त्रज्ञ बाईंनी मोठ्या बाटल्यांत पेशी घालून त्या बाटल्या यंत्रावर सतत हलक्या झुलत्या ठेवायची पद्धत बसवली. तिला ‘टोरांटो पद्धत’ म्हणतात. १९५४ साली अमेरिकेत लाखो मुलांवर सॉल्क लशीची जी प्रचंड चाचणी झाली, तिच्यासाठी लागणारा विषाणू टोरांटोहून गेला. (आपल्याकडच्या पल्स पोलिओतले ‘दो बूंद’ सेबिन यांच्या लशीचे. ही त्याआधीची, सुईची लस.) भावी पाळकांच्या खोल्यांत जिवंत विषाणू वाढवायचं काम चाललं होतं, आणि त्या कामाला दार, खिडकी, बोळ असा साधा आराखडाच उपयोगी पडला.

त्यानंतर?

१९७२ पासून इमारत विद्यापीठाच्या वापरात. चित्रकलेचे वर्ग, नेत्रपेढी, विद्यार्थ्यांचं वर्तमानपत्र, ज्याला कुठेच जागा नाही तो इथे. अशा इमारती पडत नाहीत, पण त्यांच्यावर कोणी खर्चही करत नाही.

तिथे भुतं आहेत म्हणतात.

म्हणतात. त्या नादात रात्री वर चढलेल्या एका तरुणीचा २००९ साली पडून मृत्यू झाला. या विषयावर एवढंच.

डिझाइन शाळा इथे का आली? पाडून नवीन बांधणं स्वस्त पडलं नसतं का?

पाडायची परवानगीच मिळाली नसती. इमारत ऑंटारियोच्या हेरिटेज कायद्याखाली संरक्षित आहे. पण ‘पाडता येत नाही म्हणून ठेवली’ एवढंच म्हणणं अन्यायाचं होईल. टोरांटो विद्यापीठात आर्किटेक्चर १८९० पासून शिकवलं जातं. कॅनडातला हा पहिला अभ्यासक्रम. तरी शाळा वर्षानुवर्षं २३० कॉलेज स्ट्रीट या पत्त्यावर होती, आणि ती इमारत मूळची दंतवैद्यक महाविद्यालयाची. मुलांना जुन्या इमारतींचं नवं काय करायचं हे शिकवणारी शाळा स्वतःच दुसऱ्याच्या जुन्या कपड्यांत वावरत होती. २००९ साली डीन झालेल्या रिचर्ड सॉमर यांच्या कारकिर्दीत वन स्पॅडायनाची योजना पुढे सरकली आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये शाळेचं नव्या जागी रीतसर उद्घाटन झालं.

खर्चाबद्दल बोलायचं तर जुनी इमारत नीट करणं दर चौरस फुटाला बहुतेक वेळा महागच पडतं. स्वस्त पडेल असं सांगून कोणी तुम्हाला संवर्धनाचं काम विकत असेल तर सावध राहा. जुन्या भिंती, वीट, लाकूड यांत खर्ची पडलेलं इंधन आणि कष्ट मात्र पाडल्यावर राडारोड्यात जातात. तो हिशेब कंत्राटदाराच्या कोटेशनमध्ये कुठेच दिसत नाही.

नाव ‘डॅनियल्स’ का?

जॉन डॅनियल्स हे टोरांटोतले मोठे बांधकाम उद्योजक, याच शाळेचे जुने विद्यार्थी. त्यांनी आणि पत्नी मायर्ना यांनी २००८ साली १ कोटी ४० लाख डॉलर दिले आणि शाळेला त्यांचं नाव लागलं. २०१३ मध्ये इमारतीसाठी आणखी १ कोटी. नॉक्सचं नाव सेमिनरीबरोबरच गेलं होतं, त्यामुळे इथे कोणाचं नाव पुसावं लागलं नाही.

आराखडा कोणाचा?

बोस्टनच्या ‘नाडा’ या कार्यालयाचा. नादर तेहरानी आणि कॅथरीन फॉकनर हे तेव्हा त्याचे प्रमुख. टोरांटोतल्या अ‍ॅडमसन असोसिएट्सनी स्थानिक वास्तुविशारद म्हणून काम पाहिलं, संवर्धन ‘एरा’ या कार्यालयाकडे होतं आणि भोवतालची बाग ‘पब्लिक वर्क’कडे. तेहरानींनी आर्किटेक्चरच्या शाळांसाठीच लागोपाठ तीन इमारती केल्या आहेत. अटलांटातल्या जॉर्जिया टेकची हिनमन इमारत, मेलबर्नची डिझाइन शाळा (तिथल्या जॉन वॉर्डल यांच्यासोबत) आणि ही तिसरी. अशा शाळेचा गिऱ्हाईक फार कठीण. वापरणारा प्रत्येक जण तुमच्या तपशिलात चूक शोधायला शिकलेला असतो.

जुनं कुठे संपतं आणि नवं कुठे सुरू होतं?

जुनी इमारत इंग्रजी ‘यू’ अक्षराच्या आकाराची आहे. पाठ दक्षिणेला, उघडं तोंड उत्तरेला. दक्षिणेकडची बाजू, मनोऱ्याची, ही तिची शोभेची बाजू. उत्तरेकडून पाहणाऱ्याला मात्र परसदारच दिसायचं. त्यात प्रयोगशाळेच्या काळात मागे जमेल तशी बांधकामं चिकटवलेली. म्हणजे गोल बेटाच्या मधोमध, चारी बाजूंनी दिसणारी इमारत आणि तिच्या निम्म्या परिघाला चेहराच नाही.

माझ्या मते या प्रकल्पातला सर्वांत शहाणा निर्णय इथे आहे. वाढीव जागा शोधताना कोणी जुन्या छपरावर मजले चढवले नाहीत की शेजारी काचेचा खोका उभा केला नाही. मागची चिकटवलेली बांधकामं दूर केली, ‘यू’च्या उघड्या बाजूला नवा भाग बसवला आणि त्याचं तोंड उत्तरेकडे, शहराच्या दुसऱ्या अर्ध्या भागाकडे केलं. त्यामुळे जुन्या दर्शनी बाजूला धक्का लागत नाही आणि वर्तुळ पहिल्यांदाच पूर्ण होतं.

जुना आणि नवा भाग जिथे भेटतात तिथे पूर्व-पश्चिम असा एक आतला रस्ता जातो. तो विद्यापीठाकडून येणाऱ्या रसेल स्ट्रीटच्या रेषेत आहे. बाहेरच्या माणसालाही एका दाराने शिरून दुसऱ्याने बाहेर पडता यावं हा हेतू. जुन्या भागात लहान वर्ग, कार्यालयं, ग्रंथालय. नव्या भागाच्या पोटात चारशे आसनांचं सभागृह आणि त्याच्यावर स्टुडिओ. ग्रंथालयाला एबरहार्ड झीडलर यांचं नाव आहे, टोरांटोचं ईटन सेंटर ज्यांनी उभं केलं ते.

मोठी दालनं, यांत्रिक सामग्री, लिफ्ट अशी जी जागा खाणारी कामं असतात ती नव्या भागाने उचलली की जुन्या भिंती फोडाव्या लागत नाहीत. जुन्या इमारतीला जोडभाग देताना हे सूत्र पहिल्या स्केचच्या आधीच ठरलेलं असलं पाहिजे. आपल्याकडे बहुतेक वेळा ते स्वच्छतागृहं कुठे घालायची या भांडणात, शेवटच्या महिन्यात आठवतं.

नवा भाग जुन्यासारखाच गॉथिक का नाही केला? शोभला असता.

हा प्रश्न आपल्या लोकांकडून हमखास येतो, आणि त्यात वावगं काही नाही.

संवर्धनाच्या क्षेत्रात १९६४ची व्हेनिस सनद पायाभूत मानतात. तिचं म्हणणं असं की नव्याने घातलेला भाग आपल्या काळाचा आहे हे दिसलं पाहिजे, कारण नाहीतर पाहणाऱ्याची फसवणूक होते. कॅनडाची स्वतःची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वंही आहेत. त्यात जोडभागाला तीन अटी आहेत: तो जुन्याशी जुळणारा हवा, जुन्यापुढे दुय्यम हवा आणि जुन्यापासून वेगळा ओळखू यायला हवा.

आता या तीन अटी एकमेकींच्या पायात पाय घालतात हे कोणीही काम करणारा सांगेल. वेगळेपणावर जोर दिला की जुळणं बिघडतं. जुळवायला गेलं की नक्कल होते. आणि ‘दुय्यम’ म्हणजे काय? दक्षिणेकडून पाहिलं तर इथला नवा भाग जवळजवळ दिसतच नाही, त्याहून दुय्यम काय असणार. उत्तरेकडून मात्र काच आणि कोनाकोनांत दुमडलेलं छप्पर एवढंच दिसतं, मनोरा मागे राहतो. काही संवर्धनवाल्यांच्या कपाळाला यावर आठ्या पडतात. मला ते पटत नाही. दुय्यम राहायचं ते ज्या बाजूला आधीचं काही सांगण्यासारखं आहे तिथे. उत्तरेला दबून राहायला समोर कोणीच नव्हतं.

आणि गॉथिकची नक्कल आज चांगली जमत नाही हेही खरं आहे. तशी वीट घडवणारे, तसे दगडी कठडे कोरणारे हात उरलेत ते दुरुस्तीला पुरतात, नव्या बांधकामाला नाही.

वरच्या स्टुडिओच्या छताचं एवढं कौतुक का?

स्टुडिओ म्हणजे या शाळेत मुलं रात्रंदिवस जिथे असतात ती जागा. ती सर्वांत वर आहे आणि साधारण ११० फुटांच्या रुंदीत मध्ये एकही खांब नाही. आडवे पोलादी सांगाडे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जातात. त्यांना सरळ रेषेत न ठेवता वरखाली केलं आहे, त्यामुळे छत घड्या घातल्यासारखं, पांढऱ्या मुरडलेल्या पृष्ठभागांचं दिसतं. घड्यांच्या मधल्या उभ्या खिडक्यांतून उजेड आत येतो.

गिरणगावात वाढलेल्या कोणालाही हे नवं वाटायला नको. करवतीच्या दातांसारखी छपरं असलेले गिरण्यांचे ‘नॉर्थ लाइट’ शेड याच तत्त्वावर होते. उत्तर गोलार्धात उत्तरेचा उजेड दिवसभर सारखा राहतो, त्याला कडक सावली नसते, डोळ्यांवर तिरीप येत नाही. मागावरचा तुटलेला धागा दिसायला जो उजेड लागतो तोच रेखाटनाला आणि मॉडेल बनवायला लागतो. मुंबईत त्यात उन्हापासून बचावाचाही हिशेब होता, टोरांटोत उन्हाळ्याचे दोन-तीन महिने सोडले तर ऊन उलट हवंच असतं.

त्या छपराचे उतार पावसाचं आणि वितळलेल्या बर्फाचं पाणी वाहून न्यायचंही काम करतात. माझी तक्रार एकच. छत इतकं बोलकं आहे की खाली मांडलेलं विद्यार्थ्याचं काम त्याच्यापुढे गप्प बसतं. पहिल्या वर्षाच्या मुलाच्या पुठ्ठ्याच्या मॉडेलचा फोटो काढा, मागे ते छत येणारच, आणि नजर तिकडेच जाणार.

उणे वीस अंशांत दीडशे वर्षांच्या विटा टिकतात कशा? उष्णतारोधक थर लावला की झालं ना?

तिथेच खरी गोम आहे.

जुन्या विटांच्या जाड भिंतीत थोडी ओल नेहमीच असते. आत शेगड्या, मग वाफेचे नळ, त्यामुळे भिंतीतून उष्णता बाहेर झिरपत राहायची आणि भिंत उबदार, म्हणून कोरडी राहायची. इंधन वाया जायचं, पण वीट सुरक्षित. आता तुम्ही आतल्या बाजूने उष्णतारोधक थर लावला. खोली उबदार, बिल कमी, सगळे खूश. बाहेरची वीट मात्र आता पूर्ण गारठते. तिच्यातलं पाणी गोठतं आणि गोठताना साधारण ९ टक्क्यांनी फुगतं. वितळतं, पुन्हा गोठतं. टोरांटोत हिवाळ्यात तापमान शून्याच्या आसपास सारखं वरखाली होत राहतं, त्यामुळे हे चक्र एकाच हंगामात कित्येकदा फिरतं. काही वर्षांनी विटेचा पुढचा पापुद्रा सुटून खाली पडतो.

बाहेरून थर लावावा तर ज्या विटांसाठी हा खटाटोप, त्याच झाकल्या जातात. म्हणून अशा कामांत थर मोजून, कमी जाडीचा लावतात किंवा काही भिंतींना लावतच नाहीत, खिडक्या आणि छपरातून होणारी गळती आधी बंद करतात, आणि मुख्य म्हणजे पाणी भिंतीत शिरूच नये याची काळजी घेतात. पन्हाळ, गच्ची, खिडक्यांच्या खालची चौकट. संवर्धनात नळजोडणीला कोणी टाळ्या वाजवत नाही, पण भिंती वाचतात त्या पन्हाळींनीच.

दुसरं म्हणजे सांध्यातला चुना. जुनी वीट मऊ असते. तिच्यासाठी चुन्याचाच सांधा हवा, कारण तो विटेच्या आधी झिजतो आणि ओल बाहेर जाऊ देतो. सिमेंटने दरजा भरल्या की सांधा दगडासारखा घट्ट आणि वीट त्याच्यामध्ये सापडून फुटते. आपल्याकडे बर्फ नाही, पण हाच प्रकार पावसाळ्याच्या ओलीने आणि क्षारांनी होतो. कोकणातल्या जांभ्याच्या किती देवळांना ‘मजबुती’ म्हणून सिमेंटचा गिलावा फासलाय आणि आत दगड पीठ होत चाललाय, ते पाहायला फार लांब जायला नको.

धार्मिक वास्तूत असं काहीही चालवलं, तेव्हा कोणाच्या भावना दुखावल्या नाहीत?

या बाबतीत नाही, आणि कारण त्या पंथाच्या विचारात आहे. प्रेस्बिटेरियन परंपरेत पावित्र्य उपासनेत आणि जमलेल्या मंडळीत मानतात, विटांत नाही. शिवाय त्यांना कोणी काढलं नव्हतं. ते स्वतःच मोठ्या जागेत गेले.

कॅथलिक मठाचं, देवळाचं, दर्ग्याचं गणित वेगळं असतं. तिथे आधी श्रद्धावानांशी बोलायचं, मग नकाशा काढायचा. हा क्रम उलटा झाला की वास्तूही जाते आणि शेजारधर्मही.

आपल्याकडे असं काही झालंय का?

जवळचं उदाहरण जुन्या गोव्यातलं. सांता मोनिका हा सतराव्या शतकातला नन्सचा प्रचंड मठ. धर्मसंघांवर बंदी आल्यावर नव्या नन्स घेणं थांबलं, आणि शेवटच्या नन १८८५ साली वारल्यावर तो ओस पडला. पुढे लष्कराने वापरला. १९६४ पासून तिथे नन्ससाठी माटेर देई ही धर्मशिक्षणाची संस्था चालू आहे, आणि ख्रिस्ती कलेचं संग्रहालय २००२ साली राशोलच्या सेमिनरीतून तिथल्या चर्चच्या भागात हलवलं गेलं. पाळकांच्या शाळेतून मठात गेलेलं संग्रहालय. वापर बदलला तरी धर्माच्या अंगणातच राहिला, हे टोरांटोपेक्षा वेगळं.

मुंबईत १९९५ पासून हेरिटेज नियमावली आहे, याद्या आहेत, श्रेणी आहेत. जपणुकीची कामंही चांगली झाली आहेत. भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाला २००५ साली युनेस्कोचा सर्वोच्च आशिया-पॅसिफिक पुरस्कार मिळाला. पण ही बहुतेक कामं होतं तसं करण्याची. जुन्या वास्तूला धीट, आजचा, चांगल्या दर्जाचा जोडभाग दिल्याचं उदाहरण शोधायला बसलं की एका हाताची बोटंही पुरी होत नाहीत. आपली हेरिटेज समिती ‘नको’ म्हणते किंवा ‘तसंच दिसू दे’ म्हणते. तिसरा पर्याय टेबलावर येतच नाही.

या प्रकल्पात काय जमलं नाही?

बेट हे बेटच राहिलं. दोन्ही अंगांनी मोटारी आणि ट्रामचे रूळ. आतला पूर्व-पश्चिम रस्ता कागदावर परिसराला जोडतो, प्रत्यक्षात दाराबाहेर पडल्यावर तुम्ही वाहनांच्या वळणावर उभे असता. बाग चांगली केली आहे, बसायला उंचवटे आहेत, पण ‘सहज वाटेत आलो म्हणून डोकावलो’ असं या जागेचं होत नाही. हा दोष आर्किटेक्टचा कमी आणि वाहतूक खात्याच्या नकाशाचा जास्त. एक्सप्रेसवे रद्द होऊन पन्नास वर्षं उलटली, त्या वर्तुळावरची चालणाऱ्या माणसाची किंमत मात्र तेवढीच आहे.

मला तिथे शिकायला जायचंय. इमारतीचा काही उपयोग होतो का?

प्रवेश इमारतीवर मिळत नाही, पोर्टफोलिओवर मिळतो. शाळेत आर्किटेक्चर, लँडस्केप, अर्बन डिझाइन, दृश्यकला आणि २०१९ पासून वनशास्त्रही आहे. फी आणि तारखा दरवर्षी बदलतात, त्या विद्यापीठाच्या संकेतस्थळावरच बघा, कोणाच्या फॉरवर्डवर विसंबू नका. पोर्टफोलिओत आपल्या गावच्या एखाद्या जुन्या वाड्याचं, गिरणीचं, धर्मशाळेचं हाताने मापं घेऊन केलेलं रेखाटन असेल तर ते घाला. टेप धरून भिंतीशी उभं राहिलेला विद्यार्थी चित्रातून ओळखू येतो.

नुसती पाहायची असेल तर?

५१० क्रमांकाची ट्राम पकडा. स्पॅडायना स्थानकातून बसलात तर उत्तरेकडून येता आणि नवा भाग आधी दिसतो. चायनाटाउनकडून आलात तर मनोरा आधी. मी दुसरा मार्ग सुचवेन. दक्षिणेकडून या, कॉलेज स्ट्रीटच्या चौकात थोडं थांबून मनोरा पाहा, मग पूर्वेच्या अंगाने इमारतीला पायी वळसा घाला. वीट संपून काच सुरू होते तो सांधा जवळून बघण्यासारखा आहे. हिवाळ्यात संध्याकाळी पाचलाच अंधार पडतो, तेव्हा उत्तरेकडे उभं राहिलं तर स्टुडिओत कोण अजून काम करतंय तेही दिसतं. रस्ता ओलांडताना सिग्नलचीच वाट पाहा. ट्राम वळणावरून येत असते.